डिस्क फ्रीझरमध्ये कोणी ठेवली?

मावशी भांडायला उभी राहिली की आधी चष्मा काढून ठेवते. समोरचा माणूस जरा धूसर दिसला की बोलायला सोपं जातं, असं तिचं म्हणणं. त्या आठवड्यात चष्मा इतक्यांदा निघाला की त्याची एक काडी सैल झाली, आणि काडी सैल झाल्याचा रागही तिने काकांवर काढला. काका म्हणजे तिचे यजमान. बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत बसतात. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय असल्यामुळे त्यांनी तो राग सुट्या नाण्यांसारखा मुकाट्याने खिशात टाकला.

मावशीचा धंदा एम्ब्रॉयडरीचा. शाळेच्या गणवेशाच्या खिशावरचं चिन्ह, बँडवाल्यांच्या कोटावरची सोनेरी वेलबुट्टी, क्लबांच्या टोप्यांवरचे घोडे आणि वाघ, नर्सच्या कोटावरचा बिल्ला, हे सगळं तिच्याकडून जातं. घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडे शटर असलेली एक खोली. तिच्यात पंधरा सुयांचं मशीन, भिंतभर दोऱ्यांची रिळं आणि टेबलाखाली कॉम्प्युटरचा जुना डबा. लोकांना वाटतं भरतकाम मशीन करतं. मशीन करतं ती हमाली. टाका कुठे घालायचा, कोणत्या दिशेने, रंग कधी बदलायचा, हे आधी कॉम्प्युटरवर एकेक टाका करून बसवावं लागतं. धंद्यात याला पंचिंग म्हणतात. एक डिझाइन पंच केलं की त्याची एक फाइल होते, आणि ती फाइल असेल तर तोच वाघ दहा वर्षांनीही तस्साच भरून देता येतो. फाइल गेली की वाघ गेला.

हे काम तिला कोणी शिकवलं नाही. लग्नाआधी ती एका मोठ्या एम्ब्रॉयडरीवाल्याकडे दोरे कापायला होती. पंचिंगची खोली मालक कुलपात ठेवायचा. मावशी तयार बिल्ले उलटे करायची आणि मागचे दोरे बघत बसायची. कोणता रंग आधी गेला, टाका कुठून कुठे उडाला, गाठ कुठे पडली. एक दिवस तिने मालकाला सांगितलं, मला त्या खोलीत बसू द्या. मालक म्हणाला, बायकांच्या हाताला कात्रीच शोभते. मावशीने चष्मा काढला. पुढे मालकाला काय काय ऐकावं लागलं ते माझी आई अजूनही अभिनयासकट करून दाखवते.

मग स्वतःचं मशीन आलं, जुनं, कोणाचं तरी टाकलेलं. त्या मशीनच्या सुईने तिच्या उजव्या करंगळीचा निकाल लावला. हाड वाकडं बसलं आणि करंगळी बाहेरच्या अंगाला कलली ती कललीच.

याच करंगळीने तिला हॉस्पिटलचं काम दिलं, असं मी म्हणतो. हॉस्पिटलच्या बिल्ल्यावर ओंजळीत धरलेला एक दिवा आहे, खाली हॉस्पिटलचं नाव. त्यांनी दिलेलं चित्र इतकं बारीक होतं की बोटं म्हणजे नुसत्या रेघा. मावशीने स्वतःची ओंजळ टेबलावर मांडली, काकांना स्टुलावर चढवून वरून फोटो काढायला लावला आणि त्यावरून हात पंच केले. उजव्या हाताची करंगळी वाकडी, जशीच्या तशी. नमुना पसंत पडला, आणि तेव्हापासून त्या हॉस्पिटलातल्या यच्चयावत नर्सांच्या छातीवर माझ्या मावशीची वाकडी करंगळी फिरते आहे. त्यांना बिचाऱ्यांना पत्ता नाही.

आता घरातली मंडळी. वरच्या मजल्यावर काकांचे मोठे भाऊ राहतात. त्यांना मी मनातल्या मनात चेअरमन म्हणतो, कारण घरात हाताची खुर्ची एकच आहे आणि तिच्यातून ते उठत नाहीत. त्यांची बायको म्हणजे मोठी काकू. वाईट बाई नाही, पण मोबाइलवर काहीही दिसलं की तिला ते करून बघायचं असतं. चेअरमनांनी नवी गाडी घेतल्यापासून त्यांचा तळमजल्याच्या खोलीवर डोळा होता. एकदा जेवताना त्यांनी निकालच देऊन टाकला. "हॉस्पिटलची ऑर्डर आहे तोवर खोली तुझी. ती गेली की बाकी चिल्लर कामासाठी खोली अडवून ठेवायची नाही. गाडी उन्हात तापते." घर दोघा भावांचं. पण काका पाणी पीत राहिले. मावशी सांगते, त्या दिवशी त्यांनी अख्खा तांब्या संपवला.

आणि याच चेअरमनांचा निम्मा संसार मावशीच्या कॉम्प्युटरमध्ये होता. मुलीच्या लग्नाची फिल्म, लग्नाचे फोटो, फोटोंचे फोटो, कुठले कुठले सिनेमे, काकूचे पाककृतींचे व्हिडिओ. "तुझ्या डब्यात जागा आहे ना, टाकून ठेव की." मावशीच्या डब्यात जागा असणं हे घरात सगळ्यांना सोयीचं होतं. डबा फुगत गेला, मंद होत गेला, आणि मावशी एकेक डिझाइन उघडताना दात-ओठ खात बसायला लागली.

मग टकटक सुरू झाली.

पंधरा सुयांच्या मशीनशेजारी आयुष्य काढलेल्या बाईला टकटक ऐकू आली की ती काय करेल? तेल घालेल. मावशीने मशीनला तेल घातलं. टकटक थांबेना. तिने आणखी घातलं. काकांना कामाला लावून सगळ्या सुया बदलून घेतल्या. शेवटी तेल इतकं झालं की एका शाळेच्या पांढऱ्या खिशांवर डाग पडले. मावशी मशीनवाल्या मेकॅनिकला फोनवर फैलावर घेत असताना वीज गेली, मशीन बंद पडलं, आणि थोड्या वेळाने वीज आली तेव्हा मशीन अजून बंदच होतं तरी टकटक चालू. आवाज टेबलाखालून येत होता.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला नाही. तिने मला बोलावलं, कारण भाच्यांपैकी कॉम्प्युटरची दुरुस्ती करून पोट भरणारा मी एकटाच.

"कॉपी ठेवली आहेस ना?" मी विचारलं.

"मी काय तुला येडी वाटले? चार कॉप्या आहेत."

खरंच होत्या, तिने बोटांवर मोजून दाखवल्या. 'डिझाइन', 'डिझाइन कॉपी', 'डिझाइन कॉपी खरी' आणि 'हात लावू नका'. चारही डब्यातल्या त्याच डिस्कवर, जी टकटक करत होती.

"मावशी, ही म्हणजे जादाची किल्ली घरात आतल्या खुंटीला लावून बाहेरून कुलूप घातल्यासारखी गत झाली."

"मग काय तुझ्या आईकडे ठेवायची होती?"

"हो! तिच्याकडेच ठेवायची होती!"

तिने चष्म्याला हात घातला, पण काढला नाही. मी हे लिहून ठेवतो आहे कारण असं फार वेळा होत नाही.

डिस्क दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या कंपनीला मी फोन लावला. तिकडची मुलगी इतकी गोड बोलली की आकडा ऐकून मला आधी ती चेष्टा करते आहे असं वाटलं. तेवढ्या पैशांत दुसरं जुनं मशीन आलं असतं. मावशीने फोन माझ्या हातातून घेतला. "बाई, मला डिस्क विकत नाही घ्यायची, माझ्याच फाइली मला परत हव्यात," असं म्हणून तो ठेवला.

तेव्हा स्वस्तातला रस्ता उरला. मी तिला नीट समजावलं. डिस्क पूर्ण मेलेली नाही. ती माझ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि जेवढं वाचता येतं तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. फुकटचा प्रोग्राम आहे, तो चांगला भाग आधी वाचतो, खराब जागी अडून बसत नाही. पण ही म्हातारी कधीही डोळे मिटेल. शिवाय माझ्याकडे जादाची डिस्क आहे ती जुन्या लॅपटॉपची, लहान. सगळं तिच्यात मावणार नाही. म्हणजे आधी काय घ्यायचं ते ठरवायला लागेल.

"शनिवारी हॉस्पिटलला नमुना द्यायचाय," मावशी म्हणाली. "वर्षाची ऑर्डर त्याच्यावर आहे. जुन्यासारखा हुबेहूब पाहिजे, नाहीतर बसस्थानकाजवळच्या मोठ्या दुकानाला देतील. नव्याने पंच करायचा तर मला आठवडा लागेल. त्यात काय ठरवायचंय?"

मी डिस्क काढून टेबलावर ठेवली, कोणी हात लावू नका असं दोनदा बजावलं आणि माझा कॉम्प्युटर आणि केबल आणायला घरी गेलो. मावशी हॉस्पिटलात मुदत मागायला गेली. काका तिकीट खिडकीत. म्हणजे शटर उघडं, आणि वर चेअरमन.

आम्ही दोघं परत आलो ते एकाच वेळी. मावशीचा चेहरा सांगत होता की मुदत मिळालेली नाही. टेबल रिकामं होतं.

"डिस्क कुठाय?"

जिन्यावरून मोठी काकू प्रसन्न चेहऱ्याने उतरली. "काळजी करू नकोस. मी ठेवलीय व्यवस्थित."

"कुठे?"

"फ्रीझरमध्ये. अगं, व्हिडिओत दाखवतात. बिघडलेली डिस्क गार केली की चालू होते. पिशवीत घालून ठेवलीय, उघडी नाही ठेवली."

मावशीने चष्मा काढला. तो ठेवायला जागा शोधली नाही, माझ्या खिशात खुपसला.

"ताई, तुमचं डोकं ठेवा त्या फ्रीझरमध्ये! माझा भाचा घसा फोडून सांगून गेला, हात लावू नका. कॉम्प्युटर आहे तो, आइस्क्रीम आहे का? मी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन कधी तुमचा कुकर गादीखाली ठेवला?"

"मी चांगल्यासाठीच केलं! आमचं लग्न आहे त्याच्यात!"

"लग्न तुमच्या मुलीचं, डिस्क माझी!"

"आवाज खाली!" वरून चेअरमन. अर्थात खुर्चीतून.

"तुम्ही खाली या, मग आवाज खाली येईल!"

मी वर धावलो. डिस्क मटारच्या पिशवीत होती. पिशवीला भोक. बर्फाच्या ट्रेला चिकटली होती, आणि हातात घेतल्या घेतल्या तिच्यावर दव धरायला लागलं. पुसता येईना, जोडता येईना. काकू म्हणाली, केस वाळवायच्या यंत्राने वाळवू या का? मी कोणत्याही मोठ्या माणसाशी उर्मट बोलत नाही, पण त्या क्षणी काय बोललो ते मला इथे लिहायचं नाही.

मावशीने मात्र बडबड थांबवली आणि दोऱ्यांची रिकामी खोकी खाली ओढली. रिळांच्या खोक्यांत ओल शोषून घ्यायच्या बारक्या पुड्या येतात. ती त्या कधी फेकत नाही. एका डब्यात तिने पुड्या भरल्या, वर कागद, त्यावर डिस्क, वर पुन्हा पुड्या, घट्ट झाकण. मग झाकणावर हात ठेवून बसली. तिच्या तोंडातून जे बारीक बारीक निघत होतं ती प्रार्थना नव्हती.

दुसऱ्या दिवशी डिस्क कोरडी होती. मी जोडायला बसलो तर मागे सभा भरलेली. चेअरमन चक्क खाली आले होते. खुर्ची पण आली होती, काकांनी उचलून आणलेली.

"हे बघ," चेअरमन मला म्हणाले, "आधी लग्नाचं घे. माणसाच्या आयुष्यात लग्न एकदा होतं. डिझाइनं काय, पुन्हा काढता येतात."

"दादा," मावशी म्हणाली, आवाज अगदी साधा, "तुम्ही मोठी डिस्क आणा. रस्त्यापलीकडच्या दुकानात मिळते. तिच्यात सगळं मावेल, तुमचं लग्न पण आणि माझी डिझाइनं पण."

"एवढ्याशा डबीला एवढे पैसे? एकदाच तर लागणार."

"मग नका आणू."

"म्हणजे लग्न आधी घेतोय ना तो?"

"नाही. आधी माझं."

या बाईने इतक्या वर्षांत आरडाओरडा भरपूर केला होता, भांडी आपटली होती, मालकांना पाणी पाजलं होतं. पण घरात "आधी माझं" हे तिच्या तोंडून कोणी ऐकलं नसावं. चेअरमन काकांकडे वळले.

"तू काही बोलणार आहेस की नाही?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. पाण्याचा तांब्या वर होता.

"बोलायचंय काय," ते म्हणाले. "तिची डिस्क आहे."

मी लगेच बटण दाबलं, कोणी विचार बदलायच्या आत. 'हात लावू नका' हा फोल्डर सगळ्यात नवा होता, तो घेतला. शाळा भराभर आल्या. क्लब आले, वाघ-घोडे आले. बँड आला. मधेच डिस्क अडकायची, टक टक टक करायची आणि मावशी तिला शिव्या द्यायची, आणि का कोण जाणे, ती पुढे सरकायची. हॉस्पिटलपाशी मात्र ती थांबली. प्रोग्रामने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. शेवटी फाइल आली. मी ती उघडली.

दिवा होता. डावा हात होता, पाचही बोटांसकट. उजव्या हाताच्या जागी रंगीत गवत. भरतकामाची फाइल म्हणजे टाक्यांची एक रांग, आणि अर्ध्यावरून पुढचं वाचताच आलं नव्हतं. इतर तीन कॉप्या बघितल्या. एकही उघडली नाही.

मावशी पडद्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "डावा आला ना? बास. डावाच उलटा करून उजवीकडे लावते. अक्षरं घालायला कितीसा वेळ. तू यांचं लग्न घे आता, नाहीतर मला जन्मभर ऐकवतील."

उरलेल्या जागेत मी लग्न घ्यायला लागलो. मंडप आला, पाहुणे गाडीतून उतरले, नवरी दारातून आत आली, आणि डिस्कने एक लांब घरघर करून आवाज बंद केला. पुन्हा आवाज आलाच नाही.

चेअरमन जे ओरडले ते चार घरांना ऐकू गेलं. मी मुद्दाम केलं, मावशीने शाप दिला, या घरात मोठ्यांना किंमत नाही. आणि मग एक अजब घडलं. मोठी काकू नवऱ्यावर उलटली.

"तुम्हाला म्हणाली होती ना ती, डिस्क आणा? रस्ता ओलांडायचा होता नुसता! गाडीला नवे सीटकव्हर आणायला बरे पाय फुटले!"

तिथून त्यांचं जे जुंपलं ते जिन्यावरून वर गेलं. खुर्ची खालीच राहिली. पुढे मुलीला फोन केला तेव्हा कळलं, लग्नाची फिल्म तिच्याकडे आहे, सुरुवातीपासूनच आहे. तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

शनिवारी मावशी नमुना घेऊन हॉस्पिटलच्या भांडारात गेली. मी सोबत होतो. भांडारवाल्या साहेबांनी बिल्ला उजेडात धरला, जुना बिल्ला शेजारी ठेवला आणि मान हलवली.

"वा. या वेळी जास्त चांगलं झालंय."

"म्हणजे?"

"जुन्यात ते एक बोट वाकडं होतं. आम्हाला वाटायचं, मशीनची चूक असेल. बोललो नाही कधी. आता कसं, दोन्ही हात सारखे."

मावशीचा हात चष्म्याकडे गेला. मी तिचा दंड धरला. ऑर्डरच्या कागदावर सही होईपर्यंत मी तो सोडला नाही. मग बाहेर, पायऱ्यांवर, तिने चष्मा काढला आणि समोर कोणीच नसताना बोलायला लागली. मशीनची चूक! माझ्या हाताला मशीनची चूक म्हणतो! हा काय जन्मला तेव्हा सरळ होता? बाजूने दोन नर्स गेल्या, दोघींच्या छातीवर तिची करंगळी. मावशी त्यांच्याकडे अशी बघत होती की त्या जरा लगबगीने चालायला लागल्या.

घरी आलो तर काका शटरसमोर उभे, हातात दुकानाची पिशवी. तिच्यात नवी मोठी डिस्क. वर खिडकीत चेअरमन.

"ऑर्डर मिळाली?" त्यांनी वरूनच विचारलं.

काकांनीच उत्तर दिलं. "मिळाली असो नसो, दादा. गाडी बाहेरच राहू दे."

मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. कौतुक करणं तिला जमत नाही. "बिल घेतलंत का?" एवढंच विचारलं, पिशवी घेतली आणि आत जाऊन बसली. मला वाटलं नव्या डिस्कवर फाइली टाकेल. तिने तिथेच ठेवलेल्या माझ्या कॉम्प्युटरवर हॉस्पिटलची फाइल उघडली, उजवा हात मोठा केला आणि स्वतःची करंगळी पडद्याशेजारी धरून एकेक टाका बाहेर सरकवायला लागली.

"मावशी, त्यांना सरळच आवडलीय."

"आवडू दे."

"परत पाठवतील."

"पाठवू देत. मग चष्मा काढून येते तिकडे."

सगळी ऑर्डर वाकड्या करंगळीची गेली. कोणी काही बोललं नाही. ती फाइल आता तीन ठिकाणी आहे, आणि त्यातली एक माझ्या आईच्या कपाटात.